दोन कॅन नवापूरचं पाणी

शांतीलाल आबा बोंडअळीपुढे नमले नाहीत, तापीच्या पुरापुढे नमले नाहीत. साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोनदा पडले, तरी आपण पडलो असं त्यांनी अजून कबूल केलेलं नाही. पण यंदाच्या दिवाळीनंतर त्यांना हरवलं ते कोंबड्यांच्या गावाने, आणि ते त्यांच्या फार मनाला लागलं.

झालं असं. त्यांची नात हेमांगी, वय वर्षं सात, दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर नवापूरला मामाकडे गेली. जाताना तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत लाल चट्टे होते, मानेवर खरखरीत कातडी होती, आणि दोन्ही हात कायम खाजवण्यात गुंतलेले होते. हा त्रास तिला पाळण्यात असल्यापासूनचा. वीस दिवसांनी परत आली तेव्हा तिची कातडी केळीच्या कोवळ्या पानासारखी झाली होती. पुढे तापीकाठी, आबांच्या स्वतःच्या घरात ती आठ दिवस राहिली, आणि पुन्हा तेच सुरू झालं. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागले.

नवापूरला मामाच्या, म्हणजे धीरजच्या, पोल्ट्रीच्या चार शेड. तिकडे गेलं की आबा जेवतानाही नाकाला रुमाल लावायचे. असल्या वासाच्या गावात पोर बरी होते, आणि जिथे सकाळी नदीवरून गार वारा येतो, जिथली पपई सुरतच्या बाजारात नावाने मागतात, तिथे पोर रक्त काढते! हा अपमान आबांना त्या गावाने मुद्दाम केल्यासारखा वाटला.

सून निशा भाकरी थापता थापता म्हणाली, "आबा, मी संक्रांतीपर्यंत बघते. नाही थांबलं तर हेमांगीला नवापूरच्या शाळेत घालते. धीरज न्यायला येणार आहे."

ती आवाज चढवून बोलली असती तर आबांनीही चढवला असता. पण ती भाकरीकडे बघत बोलली. आबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. रोज सकाळी हेमांगी त्यांचा चष्मा काढून घ्यायची, त्याच्या काचांवर हाः करून फ्रॉकच्या टोकाने पुसायची आणि परत त्यांच्या नाकावर नीट बसवून द्यायची. काचा आधीपेक्षा जास्त धुरकट व्हायच्या. पण त्याशिवाय आबांचा दिवस उजाडत नव्हता.

मुलगा हेमकांत कारखान्यात. गाळपाचा हंगाम, पाळ्यांवर पाळ्या. म्हणजे आता जे काही करायचं ते आपणच, असं आबांनी ठरवलं. घरातल्या कुणीही त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा ते निशाला आणि पोरीला घेऊन शहाद्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई शांत होत्या. त्यांनी हेमांगीला जवळ घेऊन सगळं पाहिलं आणि समजावलं, "याला अ‍ॅटोपिक एक्झिमा म्हणतात. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रक्तही बिघडलेलं नाही. आजोबा, कातडी म्हणजे घराची भिंत समजा. हिच्या भिंतीला गिलावा जन्मापासूनच कमी आहे. आतली ओल बाहेर निघून जाते आणि बाहेरचा कचरा आत त्रास देतो. म्हणून गिलावा आपण रोज वरून द्यायचा."

गिलावा म्हणजे साधं, बिनवासाचं, घट्ट मलम. आंघोळ थोडक्यात, कोमट पाण्याने. अंग घासायचं नाही, टिपायचं. आणि टिपल्यावर तीन मिनिटांच्या आत मलम. लाल चट्ट्यांवर औषधाचं वेगळं मलम, सांगितले तेवढेच दिवस, पण सांगितलं तेवढं पूर्ण. नखं कापलेली. अंगावर सुती, सैल कपडे.

"घरात धूळ उडते का?" बाईंनी विचारलं.

"आमच्या घरात?" आबा ताठ झाले. "सून दोनदा झाडते."

सगळं ऐकून आबांच्या डोक्यात एकच शब्द राहिला, सुती. कारण बाकीची खाती निशाकडे जाणार हे उघड होतं, पण कापूस हे खातं पंचेचाळीस वर्षं त्यांचं स्वतःचं होतं.

घरी आल्यावर त्यांनी कपड्यांची तपासणी काढली. सुताचा दोरा पेटवला की राख होते आणि सुरती कृत्रिम कापडाचा दोरा पेटवला की वितळून मणी होतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हेमांगीच्या फ्रॉकचा दोरा पेटवला. मणी. चादरीचा पेटवला. मणी. स्वतःच्या सदऱ्याचा पेटवला. तोही मणी. बायको तापीबाई अंगावरचं लुगडं सावरून लांब उभी राहिली. शेवटी आबांनी कपाटातून शाल काढली. उत्कृष्ट कापूस उत्पादक म्हणून तालुक्याला त्यांचा सत्कार झाला होता, त्यात मिळालेली. काडी लावली. शालीचा एवढा मोठा मणी झाला की तो विझवायला तापीबाईंना तांब्या आणावा लागला.

चार पिढ्या कापूस पिकवणाऱ्या घरात कापसाचं एक कापड नव्हतं.

निशाने दुसऱ्याच दिवशी शहाद्याहून दोन सुती फ्रॉक आणि चादर आणली आणि तो विषय तिच्यापुरता मिटवला. आबांपुरता तो मिटला नव्हता. त्यांचं म्हणणं, सुती म्हणजे शेवटी काय? कापूस. मग गिरणीत जाऊन आलेला, रंगवलेला, शिवलेला कशाला? खुद्द कापूसच घरात आहे की!

तो होताच. आबा, तापीबाई आणि हेमांगी ज्या मोठ्या खोलीत झोपत, तिच्या अर्ध्या भागात यंदाच्या वेचणीचा सगळा कापूस पत्र्यापर्यंत रचलेला होता. भाव चढेपर्यंत कापूस घरात ठेवायचा ही आमच्याकडची रीतच आहे. त्यातही आबांचा मान असा की गावात त्यांचा कापूस सगळ्यात शेवटी निघायचा. "शांतीलालभाऊंनी विकला का?" असं विचारूनच लोक गाडी लावत. आबांनी नाही म्हटलं की गावाचा कापूस गावात.

तर आबांनी त्या ढिगाचा एक कोपरा सपाट केला, वर नवी चादर घातली आणि हेमांगीची गादी म्हणून जाहीर केलं. हेमांगीने पहिल्यांदा वरून तीन उड्या मारल्या. खोलीभर बारीक कचरा उडाला, उन्हाच्या तिरिपेत तो सोन्यासारखा चमकला आणि आबांचे डोळे भरून आले.

तापीबाई दारातून म्हणाल्या, "आते पोरले कापूसमा गाडशात का?"

"डॉक्टरीणबाईनी सांगं शे," आबा म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं.

तीन दिवसांत हेमांगीच्या पाठीवरही चट्टे उठले. निशा मलम लावी, दुपारपर्यंत लाली उतरे, सकाळी दुप्पट होऊन हजर. ही बातमी गल्लीत पसरायला दोन दिवस लागले, कारण मध्ये एक लग्न होतं.

शेजारचा ईश्वर सकाळीच येऊन ओसरीवर बसला. "भाऊ, पोरनं रगत बिघडेल शे. निंबना पाला वाटीसन पाजा."

"रगत बिघडेल नई," आबा म्हणाले. "गिलावा कमी शे."

ईश्वरने एकदा हेमांगीकडे आणि एकदा घराच्या भिंतीकडे पाहिलं, आणि म्हाताऱ्याला झोपेची गरज आहे असं समजून उठून गेला.

मागोमाग समोरच्या निर्मलाबाई आल्या. त्यांचं सगळं शास्त्र बंद करण्यावर चालायचं. वांगं बंद, दही बंद, शेंगदाणे बंद, आंबट बंद. चार दिवस पोरीने नुसता वरणभात खाल्ला. खाज तशीच राहिली, फक्त आता पोर चावरी झाली. पाचव्या दिवशी निशाने शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली आणि निर्मलाबाईंचं शास्त्र बंद केलं.

आबा मात्र विचार करत होते. नवापूरला पोर बरी, इथे आजारी. तिथे काय आहे जे इथे नाही? कोंबड्या. पण कोंबड्यांना श्रेय द्यायला त्यांचं मन धजेना. हवा तर आपलीच चांगली. अन्न तर आपलंच चांगलं. मग उरलं काय? पाणी! बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे थर धरतात, डाळ शिजत नाही. पाणीच!

त्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज केला की आमचं आणि नवापूरचं पाणी शेजारी शेजारी ठेवून तपासावं. ग्रामसेवकाने अर्ज दोनदा वाचला. "आबा, नवापूर आपल्या हद्दीत नाही."

"म्हणून तर तुलना."

"हद्दीबाहेरच्या पाण्याचा रकाना नाही."

रकाना नाही म्हटल्यावर आबांनी दोन पांढरे कॅन उचलले आणि एसटीने नवापूर गाठलं. धीरजने जेवायला वाढलं, वासाबद्दल आबा काही बोलले नाहीत, आणि कॅन भरून घेतले तेव्हा धीरजही काही बोलला नाही. फक्त झाकणं घट्ट करून दिली आणि विचारलं, "आबा, हे तापीकाठी नेताय?"

विसरवाडीला गाडी बदलायची होती. हायवेवर ट्रकांची रांग, पोलिसांची तपासणी चालू. आता तुम्हाला ठाऊकच आहे, पलीकडे गुजरात, तिथे दारूबंदी. त्या फाट्यावर म्हातारा माणूस दोन पांढरे कॅन घेऊन उभा म्हटल्यावर काय होणार? एक हवालदार जवळ आला.

"काका, काय आहे?"

"पाणी."

"सगळे पाणीच म्हणतात." त्याने झाकण उघडलं, वास घेतला. दुसऱ्या कॅनचा घेतला. मग बोट बुडवून चाखलं. त्याच्या चेहऱ्यावर निराशा पसरली. "कुठून आणलं?"

"नवापूर."

"नेता कुठे?"

"शहाद्याकडे. तापीकाठी."

हवालदाराने टोपी काढली. "काका, माल इकडून तिकडे जातो. तुम्ही तिकडून इकडे आणताय. आणि तेही पाणी. आणि तेही नदीवर." त्याने आपल्या साहेबांना हाक मारली. साहेबांनीही चाखलं. पाणी नेण्यावर कलम कुठलं, यावर दोघांची थोडी चर्चा झाली. शेवटी साहेबांनी विचारलं, "घरचं कोणी बरोबर नाही का तुमच्या?"

या प्रश्नाने आबांना जेवढं लागलं तेवढं अटकेने लागलं नसतं. ते म्हणाले, "नातीच्या आंघोळीला नेतोय." यावर साहेबांनी झाकणं परत लावली. त्यांनी स्वतः हात दाखवून नंदुरबारची गाडी थांबवली. कंडक्टरने कॅनांचं लगेजचं तिकीट फाडलं, वरून ते पायाने ढकलून मागे सरकवले, आणि रस्ताभर एक झाकण गळत राहिलं. आबांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. त्याबद्दल सहप्रवाशांचा जो समज झाला तो आबांनी दूर केला नाही. किती जणांना सांगणार?

दीड कॅन घरी पोचला. निशाने ते पाणी कोमट केलं, पोरीला आंघोळ घातली, टिपलं, मलम लावलं. आबा बाजूला घड्याळ धरून उभे. हेमांगी कापसावर झोपली. सकाळी मानेवर नखांचे तीन ओरखडे होते, ताजे.

त्या दिवशी तिने चष्मा पुसायला घेतला तर हाताची बोटं सुजलेली होती. "आबा, आज तुम्हीच पुसा," ती म्हणाली. आबांनी चष्मा तसाच खिशात ठेवला.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पोरीची पाठ पाहिली आणि कपाळाला आठी घातली. "मलम रोज लावता?"

"दोन वेळा," निशा म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण. मध्ये चार दिवस शेजारणीच्या सांगण्यावरून नुसता वरणभात दिला, एवढंच."

बाई विचारात पडल्या. हेमांगीची वेणी बाजूला करताना त्यांच्या बोटाला काहीतरी चिकटलं. त्यांनी ते उजेडात धरलं. पांढरा तंतू, त्याला वाळलेल्या पानाचा चुरा. "हे काय?"

आबांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळला. "कापूस! आमचाच. लांब धाग्याचा. हात लावून बघा, असा तालुक्यात मिळणार नाही."

"कुठे ठेवलाय?"

"घरातच. मुलगी त्याच्यावरच तर झोपते!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. निशाने हळूच पदर तोंडाला लावला. आपण काहीतरी चांगलं बोललो नाही एवढं आबांच्या लक्षात आलं, पण काय ते कळेना.

"आजोबा," बाई सावकाश म्हणाल्या, "मी सुती कापड म्हटलं होतं. धुतलेलं. हा शेतातला कापूस आहे. यात पाचोळ्याचा चुरा आहे, धूळ आहे, बारीक किडे आहेत. रोज हा तिच्या कातडीवर घासतोय. नुसत्या याच्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, तिची कातडी मुळात कोरडीच आहे. कापूस गेला तरी चट्टे अधूनमधून येतील. पण हा भडका याचा असावा. आणि माझ्या परवानगीशिवाय तिचं खाणं बंद करू नका. आता एक करा. एक तर कापूस हलवा, नाहीतर मुलगी हलवा."

परतीच्या गाडीत आबा खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना वेचून रिकामी झालेली कपाशी. ज्याच्यावर शंका घ्यायचं मनातही आलं नाही तोच निघाला. हवेवर घेतली, पाण्यावर घेतली, वांग्यावर घेतली, सुनेच्या माहेरावर तर पहिल्या दिवसापासून घेतली. हेमांगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि झोपेतच मान खाजवत होती. आबांनी तिचा हात धरून ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी पायातल्या वहाणाही काढल्या नाहीत. व्यापाऱ्याला फोन केला. "उद्या गाडी पाठवा."

व्यापाऱ्याला वाटलं चुकीचा नंबर लागला. "कोण, शांतीलालभाऊ? जानेवारीही लागला नाही अजून!"

"उद्या," आबा म्हणाले.

सकाळी टेम्पो दारात लागला आणि दहा मिनिटांत गाव दारात लागलं. भरणारे कापूस तुडवत होते. लोक आधी नुसते बघत राहिले, मग कुजबुज सुरू झाली.

"शांतीलालभाऊनी गाडी लाई!"

"काहीतरी खबर लागेल शे. भाव पडनार शे."

आबा ओसरीवरून ओरडले, "अरे काही खबर नई! पोरले खाज सुटस म्हनीसन काढी ऱ्हायनू!"

ईश्वर पुढे आला. डोळे बारीक करून म्हणाला, "भाऊ, आम्हले येडं समजतस का? खाज म्हने!" आणि घाईघाईने स्वतःच्या घराकडे वळला.

संध्याकाळपर्यंत गावातून नऊ गाड्या निघाल्या. ईश्वरने शाळेच्या दारात हेमांगीला गाठून गोडीत विचारलं, "बेटी, आबाले कोन सांगं कापूस इकाले?" हेमांगी खरं तेच बोलली, "डॉक्टरीणबाईनं." झालं. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंना कापसाच्या भावाचं आतून कळतं ही बातमी तीन गावांत गेली. त्या आठवड्यात अंगाला काहीही न झालेली दोन माणसं त्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसली. एकाला बाईंनी तपासलं तर खरोखरच गजकर्ण निघालं, म्हणून त्याची फी वाया गेली नाही.

पंधरा दिवसांनी भाव चढला. त्यानंतर चहाच्या टपरीवर आबा बसले की बाक रिकामं होऊ लागलं. ईश्वरने ओसरीवर येणं सोडलं. शेवटी निघणारा कापूस पहिला निघाला, आणि बुडाला तो गावाला घेऊन बुडाला, असं लोक त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत. आबा ऐकून घेत. घरी येऊन ओला फडका उचलत. खोली झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, असं बाईंनी सांगितलं होतं, आणि ते खातं आबांनी मागून घेतलं होतं. कापूस गेला तरी तंतू पत्र्याच्या कडेत, खाटेच्या दोऱ्यांत, देवाच्या फोटोमागे सापडतच होते. तापीबाईंनी चाळीस वर्षांत नवऱ्याच्या हातात फडका पाहिला नव्हता. त्या बादलीतलं पाणी बदलून देत.

आंघोळीनंतरची तीन मिनिटंही आता आबांची. "आबा, मानेमागं राह्यनं," हेमांगी सांगायची. "आबा, घासू नका, थापा." हळूहळू पाठ निवळली. मग गुडघे. सकाळची चादर पांढरी निघू लागली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धीरज जीप घेऊन आला.

आबांनी पहाटेच हेमांगीला नीट बघून ठेवलं होतं. पाठ चांगली. मान चांगली. गुडघे तर कुणालाही दाखवावेत असे. पण उजव्या कोपराच्या लवणीत, नेमका त्याच दिवशी, रुपयाएवढा एक लाल चट्टा आला होता. तिळगुळाच्या धांदलीत मलम राहिलं होतं, की थंडीने, की उगाच, देव जाणे.

धीरज खाटेवर बसला. निशाने चहा आणला. आबांनी हेमांगीला समोर उभं केलं, तिचं उजवं कोपर आपल्या तळहातात घट्ट धरलं आणि बोलू लागले. "हे बघा गुडघे. ही मान बघा. फिर बेटी, पाठ दाखव मामाले." हेमांगी फिरली तसे आबाही तिच्याबरोबर फिरले, कारण कोपर सोडता येत नव्हतं. ती या बाजूला वळली की आबा त्या बाजूला. धीरजचा चहा बशीतच राहिला.

"आबा," निशा म्हणाली. "कोपर सोडा."

"कोपरले काही नई. थंडी शे, म्हनून धरेल शे."

"आबा."

आबांनी हात उघडला. लाल चट्टा सगळ्यांना दिसला. तापीबाई चुलीपाशी उठून उभ्या राहिल्या. आबा चट्ट्याकडे बघत नव्हते, ते जीपकडे बघत होते.

निशाने वाकून कोपर पाहिलं, बोट फिरवलं. "एवढं येणारच. बाईंनी सांगितलंय, अधूनमधून येईल. सकाळीच मला का नाही दाखवलं? पहिल्याच दिवशी औषध लावलं की वाढत नाही."

"मला वाटलं..." आबा म्हणाले आणि थांबले.

"काय वाटायचं ते मला कळतं," निशा म्हणाली. ती आत गेली आणि लाल चट्ट्याचं मलम आणि गिलाव्याची डबी घेऊन आली. ती दोन्ही तिने आबांच्या हातात दिली आणि भावाकडे वळली. "धीरज, तू जेवून जा. पोर इथंच राहील. आबा, मी पाणी तापवते. घड्याळ घ्या."

आबांना घड्याळ लवकर सापडेना. ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच होतं.